जेम्सटाउनला हात कमी पडले

तुमचे प्रश्न थोडक्यात असे. व्हर्जिनियात जेम्सटाउनला १६०७ मध्ये इंग्रज उतरले तेव्हा नदीत मासे होते, रानात हरणं होती, मग माणसं उपाशी का मेली? त्याच मरणपंथाला लागलेल्या गावाने पुढच्या दहा-बारा वर्षांत पैसा कुठून काढला? नाणी जवळजवळ नसताना रोजचा व्यवहार कसा चालायचा? आणि साध्या माणसाचे दिवस कसे जात होते?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखूच्या शेतकऱ्यांना सल्ला देण्यात माझी एकतीस वर्षं गेली. मुलगी रिचमंडला स्थायिक झाली, तिथून जेम्सटाउन तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे दर खेपेला चक्कर ठरलेली. पहिल्यांदा गेलो तो जुलै होता. संग्रहालयाच्या आवारात जुन्या पद्धतीने तंबाखूचा छोटा वाफा केला होता. सतराव्या शतकातला सदरा घातलेला एक तरुण माहिती सांगत होता आणि माझं सगळं लक्ष रोपांकडे. शेंडे खुडलेले होते, पण बगलफूट, म्हणजे पानांच्या बगलेतले फुटवे, तशीच वाढलेली. सवयीने हात गेला आणि दोन-चार फुटवे मोडून टाकले. मला वाटलं आता हा रागावणार. तो हसून म्हणाला, "काढा, काढा. आमच्याकडे माणसं कमी आहेत."

तुमच्या चारही प्रश्नांचं उत्तर मी त्याच वाक्यापासून शोधत जातो.

पण आधी उपासमार. मेच्या मध्यात १०४ पुरुष आणि मुलगे किनाऱ्यावर उतरले आणि जूनमध्ये जहाजं परत गेली. पुढच्या जानेवारीत त्यातले ३८ जिवंत होते. लोक सरसकट म्हणतात की ते आळशी होते, निम्मे तर 'जंटलमन', त्यांना हाताने काम करायची सवय नव्हती. त्यात तथ्य आहे. पण कृषी सल्लागार म्हणून मी कुठल्याही बुडालेल्या शेताकडे गेलो की आधी माणसाला नाही, पाण्याला विचारतो.

गावाची जागा निवडली ती बंदरासाठी. काठाशीच पाणी इतकं खोल की जहाज थेट झाडाला बांधता येई, आणि स्पॅनिश जहाजं समुद्रातून सहज दिसणार नाहीत इतकं आत. पिण्याच्या पाण्याचा मात्र पत्ता नाही. जेम्स नदी तिथे नावालाच नदी, खरं तर खाडीच. भरतीला खारं पाणी वर चढतं, ओहोटीला गाळ राहतो. कोकणात खाडीकाठी राहणाऱ्याला असलं पाणी उन्हाळाभर प्यायल्यावर काय होतं ते सांगायला नको. हगवण, ताप, अंगाला सूज. जॉर्ज पर्सी नावाच्या त्यांच्यातल्याच एकाने लिहून ठेवलंय की पाच माणसांत मिळून दिवसाला एक लहान भांडंभर उकडलेला जव मिळायचा आणि वर हेच नदीचं पाणी.

त्यात दुष्काळ. तिथल्या दलदलीत सायप्रसची शेकडो वर्षं जुनी झाडं आहेत. त्यांच्या खोडातली वलयं मोजून १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की १६०६ ते १६१२ ही सात वर्षं त्या भागातल्या ७७० वर्षांतली सगळ्यात कोरडी सलग सात वर्षं होती. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ ज्यांनी अंगावर काढला त्यांना विचारा, पाऊस दोन-तीन वर्षं हुलकावण्या द्यायला लागला की गावाचं काय होतं. इथे सात वर्षं. नदीला वरून गोडं पाणी कमी आलं की खारं आणखी आत सरकतं, म्हणजे दुष्काळाने विहीर आणि शेत दोन्हीकडून मारलं.

आता मासे. स्टर्जन हा तिथला मोठा मासा, पण तो वसंतात वर चढतो आणि थंडीत गायब होतो. पुरेशी जाळी आणली नव्हती. एकदा तर मासे इतके वर आले की यांनी तव्याने पकडायचा प्रयत्न केला. हरणाच्या मागे रानात जायचं, तर रान दुसऱ्याचं होतं. आसपास पोव्हाटन या तिथल्या मूळ रहिवाशांची तीसेक गावगटांची सत्ता होती, माणसं चौदा-पंधरा हजार. त्यांचाही मका त्याच दुष्काळात करपत होता. तरी सुरुवातीची दोन वर्षं इंग्रज जगले ते त्यांच्याकडून घेतलेल्या मक्यावर.

हा मका घ्यायचा कशाच्या बदल्यात? तांब्याच्या. पोव्हाटनांकडे तांबं म्हणजे मानाची वस्तू, सरदारांच्या अंगावर मिरवायची. इंग्रजांनी तांब्याच्या पत्र्याची कात्रणं भरून आणली होती, जेम्सटाउनच्या किल्ल्याच्या उत्खननात ती ढिगाने मिळाली. सोबत निळे काचेचे मणी. पण गंमत बघा. जहाजावरचे खलाशी रात्री चोरून स्वतःचा धंदा करायचे, वाटेल त्या भावाने तांबं द्यायचे. थोड्याच दिवसांत जो मका औंसभर तांब्याला मिळायचा तो रत्तलभर, म्हणजे सोळा औंस, तांब्यालाही मिळेना. सोळापट महागाई, कुठल्याही बँकेशिवाय. चलन जास्त सोडलं की काय होतं ते आठवडी बाजारात बसणारी कुठलीही बाई सांगेल, ही वसाहत काढणाऱ्या लंडनमधल्या व्हर्जिनिया कंपनीच्या मंडळींना मात्र ते कळायला वेळ लागला.

१६०९ च्या शेवटी संबंध पुरते बिघडले. पोव्हाटनांनी वेढा घातला. बाहेर पडलं की बाण, आत राहिलं की भूक. त्या हिवाळ्यात घोडे संपले, कुत्री, मांजरं, उंदीर संपले, बुटांचं कातडं उकडून झालं. वसंतात साठेक सांगाडे उरले होते. २०१२ मध्ये किल्ल्यातल्या एका तळघरात चौदा वर्षांच्या मुलीची कवटी आणि पायाचं हाड सापडलं, त्यावर सुरीच्या खुणा होत्या. पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी जाहीर केलं की मेल्यानंतर तिचं मांस काढून खाल्लं होतं. ती कवटी तिथल्या संग्रहालयात आहे. मी एकदाच पाहिली.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की मासे आणि हरणं 'होती' याला अर्थ नसतो. ती ताटात आणायला माणूस, अवजार आणि बाहेर पडायची मोकळीक लागते. तिघांचाही तुटवडा होता.

यानंतर कंपनीने लष्करी कायदा लावला. त्या कायद्यात गावाचं रोजचं जगणं जसं दिसतं तसं कुठल्याच कौतुकाच्या वर्णनात दिसत नाही. विहिरीपासून वीस फुटांच्या आत भांडी घासायची नाहीत. कुंपणाच्या आत किंवा बाहेर चाळीस फुटांपर्यंत मळके कपडे धुवायचे नाहीत. परसाकडे जायचं तर तटापासून पाव मैल लांब. हे नियम लिहावे लागले याचाच अर्थ तोवर लोक काय करत होते ते उघड आहे. परवानगीशिवाय कोंबडी मारली तरी मरणाची शिक्षा.

ॲन बरास नावाची मुलगी १६०८ मध्ये एका बाईची मोलकरीण म्हणून आली. वसाहतीतलं पहिलं इंग्रजी लग्न तिचं, जॉन लेडन नावाच्या सुताराशी. काही वर्षांनी तिच्यावर आणि इतर बायकांवर कंपनीच्या नोकरांचे सदरे शिवायचं काम आलं. एका सदऱ्याला सहा सुया भरतील इतकाच दोरा. तेवढ्यात सदरा पुरा झाला नाही तर जेवण बंद. दोरा इतका रद्दी की तुटायचा. बायकांनी सदऱ्याच्याच खालच्या कडेचे धागे उसवून काम पुरं केलं, साहजिकच सदरे आखूड झाले. त्याबद्दल ॲनला आणि आणखी एकीला चाबकाने मारलं. ॲन गरोदर होती, त्याच रात्री तिचा गर्भ गेला. १६२५ मध्ये कोर्टात दिलेल्या जबानीत हे आलं आहे. दोऱ्याच्या टंचाईचा एवढा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला माणसाचा हिशेब ठेवता येत नव्हता.

शेती पहिली काही वर्षं सामाईक होती. सगळ्यांनी राबायचं, धान्य कंपनीच्या कोठारात, तिथून शिधा. ज्यांनी साडेबारा पाउंडाचा एक हिस्सा घेतला होता ते लंडनमध्ये बसून सात वर्षांनी नफा मिळेल म्हणून वाट बघत होते. रानात कुदळ मारणाऱ्याला मात्र दोन तास जास्त मारली काय नि कमी मारली काय, वाटीत तेवढंच. १६१४ च्या सुमाराला गव्हर्नर डेल यांनी जुन्या माणसांना तीन-तीन एकर जमीन खंडाने दिली. खंड वर्षाला अडीच पिंप मका आणि महिनाभर कंपनीचं काम. बाकी तुझं तू. मका लगेच वाढला. यावर लोक मोठमोठे सिद्धांत रचतात. मला त्यात नवल वाटत नाही, आमच्याकडे खंडाने रान कसणारा आणि रोजंदारीवर येणारा यांची खुरपणी बघितली की फरक कळतो.

मक्याचा विषय निघालाच आहे तर खाणं सांगून टाकतो. गव्हाची रोटी इंग्रजांच्या पोटातून लवकर सुटली. मका उखळात कांडायचा, कण्या शिजवायच्या, पातळ केल्या तर पेज, घट्ट केल्या तर आपल्या कण्यांसारख्याच. मांस असलं तर डुकराचं. डुकरं रानात मोकळी सोडलेली, कुंपण जनावरांना नाही तर पिकाला. घरं जमिनीत खांब पुरून बांधलेली, कुडाच्या भिंती, वर गवत. खांब दमट मातीत दहा-वीस वर्षांत कुजायचे आणि तोवर मालक दुसऱ्या रानात गेलेला असायचा.

आता तंबाखू.

तिथल्या लोकांचा गावठी तंबाखू कडक आणि झोंबणारा, लंडनच्या बाजारात त्याला कोणी विचारत नव्हतं. तिथे चालायचा तो स्पॅनिश मुलखातला गोड पानाचा. जॉन रॉल्फ याने १६१२ च्या आसपास त्या जातीचं बी मिळवून लावलं, दोन वर्षांत पहिला माल विलायतेला गेला. याच रॉल्फने १६१४ मध्ये पोव्हाटनांच्या प्रमुखाची मुलगी पोकाहोंटस हिच्याशी लग्न केलं आणि काही वर्षं शांतता टिकली, तिचा फायदा पिकाला झाला. १६१७ मध्ये सुमारे वीस हजार रत्तल तंबाखू निघाला, १६२८ पर्यंत हा आकडा पाच लाखांवर गेला. (रत्तल म्हणजे वजनाचा पौंड. पैशाच्या पाउंडाशी गल्लत नको म्हणून जुना शब्द वापरतो आहे.)

जाता जाता, याच काळात तंबाखू आपल्याकडेही नवाच होता. अकबराचा माणूस असद बेग विजापूरहून परतला तो तंबाखू घेऊन, साधारण १६०४ च्या सुमाराला. त्याच वर्षी इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने तंबाखूला शिव्या घालणारी पुस्तिका काढली. १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. दोन्हीकडच्या बादशहांचं कोणी ऐकलं नाही.

१६१७ मध्येच नवा गव्हर्नर आरगल जेम्सटाउनला उतरला तर धड घरं पाच-सहा, चर्च पडलेलं आणि बाजाराच्या चौकात, रस्त्यात, जिथे माती दिसेल तिथे तंबाखू लावलेला. डेलने हुकूम काढला होता की माणशी दोन एकर मका लावल्याशिवाय तंबाखूला हात लावायचा नाही. उपाशी मेलेल्या गावाला धान्य पेरा असा कायदा करावा लागतो, यावरून भाव काय असेल ते ओळखा. १६१९ मध्ये वसाहतीच्या सभेने उत्तम मालाला रत्तलाला तीन शिलिंग आणि दुय्यम मालाला त्याच्या निम्मा, असा दर ठरवला.

जरा हिशेब करू. नवं रान, एक गडी, वर्षाला चारशे रत्तल धरा. भाव दुय्यम मालाचा, दीड शिलिंग. पाउंडाला वीस शिलिंग, म्हणजे झाले तीस पाउंड. इंग्लंडहून एक माणूस आणायचा प्रवासखर्च साधारण सहा पाउंड. म्हणजे माणूस आणला की पहिल्याच हंगामात त्याचे पैसे वसूल होऊन वर चौपट. पण एका माणसाच्याने दोन-तीन एकरांपेक्षा जास्त तंबाखू होत नाही. जमीन नजर पोचेल तिथपर्यंत. अडलंय कुठे, तर हातांपाशी.

हे मी पुस्तकातून नाही, रानातून सांगू शकतो. तंबाखूचं बी ग्रॅमला दहा हजारांच्या वर भरतं. राखेत किंवा बारीक मातीत कालवूनच टाकावं लागतं. तिकडे थंडीच्या शेवटी तरू टाकायचे, मेमध्ये पाऊस बघून लावण. रान काढायचं ते झाड तोडून नाही, बुंध्याची साल गोल सोलून. झाड उभं वाळतं, पानं गळतात, ऊन खाली येतं. ही युक्ती तिथल्या लोकांची. खाली बुंधे तसेच, नांगर चालणार नाही, सगळं कुदळीने. एकेका रोपाला मातीचा ढीग. मग तण. मग अळ्या, बोटाएवढ्या जाड, पानाच्या खालून रोज हाताने वेचायच्या. फुलकळी धरली की शेंडा खुडायचा, म्हणजे जोर पानात उतरतो. शेंडा खुडला की प्रत्येक पानाच्या बगलेतून फूट येते, ती काढायची. आठ दिवसांनी परत येते, परत काढायची. हजारो रोपं, प्रत्येकाकडे हंगामात कितीतरी वेळा वाकायचं. यातलं एकही काम बैल करू शकत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरात कापणी, मग छपरात टांगून सहाएक आठवडे वाळवणी. वाळलेलं पान कोरड्या हवेत हात लावताच चुरतं, म्हणून दमट दिवसाची वाट बघून उतरवायचं. आमच्याकडे हेच काम पहाटे दवात करतात. पान फार ओलं असताना पिंपात दाबलं तर जहाजाच्या पोटात सहा आठवड्यांत कुजून जातं. पान हातात घेऊन ते नेमकं उतरवण्याजोगं झालंय का हे ओळखणं बोटांचं ज्ञान आहे, आणि मला वाटतं दर वसाहतीत असे जाणकार बोटांवर मोजण्याइतकेच असणार. बाकीच्यांचा माल लंडनला काळा पडून पोचला असेल.

याच्या वर जमीन थकते. तीन-चार पिकांनंतर तंबाखू उतरतो, तिथे दोन वर्षं मका आणि मग पंधरा-वीस वर्षं पडीक. नवं रान काढायचं म्हणजे परत तेवढेच हात. आणि ते नवं रान म्हणजे पोव्हाटनांचं जुनं शेत किंवा शिकारीचं जंगल. २२ मार्च १६२२ रोजी त्यांनी एकाच सकाळी नदीकाठच्या मळ्यांवर हल्ला केला, ३४७ इंग्रज मेले, वसाहतीचा जवळपास चौथा हिस्सा. पुस्तकात हे राजकारण म्हणून येतं. मला त्यात पडीक जमिनीचा फेरा दिसतो.

हात आणायचे कसे? १६१८ मध्ये कंपनीने योजना काढली, जो कोणी एका माणसाचा प्रवासखर्च देईल त्याला पन्नास एकर. दहा माणसं आणली की पाचशे एकर. येणारा माणूस बहुधा विशीतला गरीब पोरगा, खर्च फेडायला चार ते सात वर्षं राबण्याच्या कागदावर सही किंवा खूण. आपल्याला याची तुलना सालगड्याशी करावीशी वाटते आणि काही अंशी ती बसते: खाणं, कपडा, राहणं मालकाकडे, पगार असा नाही. पण सालगडी पाडव्याला साल सोडू शकतो. यांचा कागद मालक दुसऱ्याला विकू शकायचा, मालकाच्या परवानगीशिवाय लग्न करता यायचं नाही, पळून गेला तर वर्षं वाढायची. मुदत संपली की थोडा मका आणि कपडे घेऊन मोकळा. मुदत संपेपर्यंत जगला तर. सतराव्या शतकात त्या भागात आलेल्या इंग्रजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश याच वाटेने आले.

१६१९ च्या ऑगस्टमध्ये 'व्हाइट लायन' जहाजाने अंगोलातून पकडून नेलेली वीसेक आफ्रिकन माणसं आणली आणि शिधासामग्रीच्या बदल्यात विकली. पहिली काही दशकं त्यांचा दर्जा कायद्यात धूसर होता, काही जण सुटून जमीनदारही झाले. मग १६४० मध्ये तीन नोकर पळाले आणि पकडले गेले. दोघा गोऱ्यांची मुदत वाढली. तिसरा जॉन पंच, काळा, त्याला जन्मभर राबायची शिक्षा. १६६२ मध्ये कायदा झाला की मूल आईच्या स्थितीप्रमाणे, म्हणजे गुलाम बाईचं मूल गुलाम. हातांचा तुटवडा त्यांनी अखेर असा मिटवला. मुदत संपतच नाही असा हात, आणि त्याची पोरंही मालकाची. तंबाखूमुळेच गुलामगिरी आली असं मी म्हणणार नाही, तो निर्णय माणसांनी सभेत बसून घेतला. पण कोणत्या गरजेपोटी घेतला ते वाफ्यात उभं राहिलं की दिसतं.

नाण्यांचा प्रश्न आता सोपा होतो. किल्ल्यात काही फार्दिंग (पाव पेनीची नाणी) सापडली आहेत, आणि न्यूरेंबर्गला केलेल्या पितळी टिकल्या, पण त्या हिशेब मांडायच्या, खर्चायच्या नाहीत. खरं चलन तंबाखू. १६२४ च्या कायद्याने रविवारी चर्च चुकवलं तर एक रत्तल तंबाखू दंड, महिनाभर चुकवलं तर पन्नास. १६२० मध्ये कंपनीने नव्वद तरुणी पाठवल्या, ज्याच्याशी लग्न होईल त्याने खर्चापोटी १२० रत्तल द्यायचे. पुढच्या वर्षी ५७ आल्या, तेव्हा १५० रत्तल उत्तम पान. शतकाअखेर, १६९६ मध्ये, पाद्र्याचा वर्षाचा पगार १६,००० रत्तल ठरला.

आपल्या बलुत्याशी याची तुलना करणारे भेटतात. फरक असा की बलुत्याचा दाणा भाव पडला तरी शिजवून खाता येतो. तंबाखूचा भाव पडला की सुताराची मजुरी आणि पाद्र्याचा पगार रात्रीत धूर. आणि भाव पडलाच. १६३० च्या आसपास रत्तलाला जेमतेम एक पेनी. तीन शिलिंग म्हणजे छत्तीस पेनी होते, हे लक्षात घ्या. मग चांगला माल लंडनच्या व्यापाऱ्याला आणि देठ-कचरा करभरणीला. सभेने माणशी किती रोपं आणि रोपाला किती पानं ठेवायची यावर मर्यादा घातल्या, खराब माल जाळायचा हुकूम काढला. शेतकऱ्याने काय केलं? भाव निम्मा झाला म्हणून दुप्पट लावला. १९८१ मध्ये निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले तेव्हा मी शाळकरी होतो. भाव पडल्यावर एकेकटा शेतकरी काय करतो आणि एकत्र बसला तर काय करू शकतो, हा फरक तिथे पाहिला. व्हर्जिनियातल्या मळेवाल्यांचे मळे नदीकाठाने मैलोन्‌मैल विखुरलेले, जहाज प्रत्येकाच्या धक्क्याला वेगळं लागायचं आणि पुढच्या पिकावर उधार वाइन, कापड, बूट देऊन जायचं. एकत्र बसायला गावच नव्हतं.

राहिले साध्या माणसाचे दिवस. रिचर्ड फ्रेथॉर्न नावाचा एक पोरगा असाच राबायला म्हणून मार्टिन्स हंड्रेड या मळ्यावर आला. मार्च-एप्रिल १६२३ मध्ये त्याने आईबापांना पत्र लिहिलं, ते टिकून आहे. म्हणतो, जहाजावरून उतरल्यापासून वाटाणे आणि पेज याशिवाय काही खाल्लं नाही. चार माणसांत एक पेनीचा पाव. अंगरखा होता तो सोबतच्यानेच चोरला. मालासाठी दहा मैल होडी वल्हवत जेम्सटाउनला जायचं, दिवसभर चढउतार, रात्री पाऊस असो की बर्फ, उघड्या होडीतच झोपायचं. तिथल्या जॅक्सन नावाच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्याला त्याची दया आली, त्याने त्याच्यासाठी निजायला एक खोपटं बांधलं. जॅक्सनला नवल वाटायचं की आईबापांनी या पोराला इकडे पाठवलंच कसं.

पैसे भरून सोडवा, असं तो विनवतो. ते जमत नसेल तर निदान थोडं चीज, लोणी, मांस पाठवा, ते विकून काही मिळेल, फायदा सगळा तुमचा. आणि मग त्या रडारडीच्या मधोमध एकदम व्यवहारी होतो: चीज पाठवलंत तर पिंपात भरताना दोन चीजांच्या मध्ये पिंप करणाऱ्याकडचे लाकडाचे तुकडे घाला, नाहीतर जहाजाच्या तळाच्या उष्म्याने कुजेल.

१६२४ च्या फेब्रुवारीत वसाहतीतल्या जिवंतांची आणि मेलेल्यांची नावनिशी झाली. त्याचं नाव मेलेल्यांत आहे.